ढोल थांबतो तेव्हा

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

अनंत चतुर्दशीला दिवसभर लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून आलेल्या माणसाला मी एक प्रश्न नेहमी विचारतो. अंगावर काटा नेमका कधी आला? बहुतेक जण सांगतात, सगळे ढोल एकदम कडाडले तेव्हा. थोडं खोदून विचारलं की उत्तर बदलतं. मग तेच म्हणतात, त्याच्या आधी एक क्षण सगळं थांबलं होतं ना, तेव्हा. पन्नास ढोल वाजत असतात, ताशांची तर्री चाललेली असते आणि पुढे उभा असलेला एक जण हात वर करून मूठ मिटतो. रस्ता मुका होतो. समोरच्या गॅलरीत एखादं तान्हं मूल रडत असतं, ते इतका वेळ कुणाला ऐकू आलेलं नसतं. मग एकटा ताशा बोलायला लागतो, त्याच्या मागून टोल पडतो, आणि थांबलेले ढोल परत येतात. गर्दी ओरडते ती त्या परत येण्याला.

मला आज बोलायचं आहे ते या थांबण्याविषयी. ते कुठून आलं, शहरात कसं रुजलं आणि आता त्याचं काय होतं आहे, याविषयी.

मी नोकरीनिमित्त हिंजवडीत आलो आणि इथलाच झालो. हिंजवडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती येतात, राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे टप्पे येतात आणि वाहतुकीची कोंडी तर येतेच. पण सरकारी दप्तरात हे गाव मुळशी तालुक्यात मोडतं, आणि मुळशी हा ढोल-लेझीमचा मुलूख आहे. मुळशी, मावळ, भोर आणि वेल्ह्याचा डोंगराळ पट्टा इथे गावोगाव ढोल आहे. भाताची लावणी उरकली की हात थोडे मोकळे होतात, सण सुरू होतात, आणि देवळात किंवा तालमीत टांगलेले ढोल खाली उतरतात. पुढे चैत्रात जत्रांचा हंगाम. आज 'पुणेरी ढोल' म्हणून जो देशभर आणि परदेशातही ओळखला जातो, त्याचं आजोळ हे आहे. पुण्यातल्या पेठांना हे मान्य करायला जरा जड जातं, पण आहे ते आहे.

हिंजवडीचं ग्रामदैवत म्हातोबा. चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीच्या दिवशी, इथून शेजारच्या वाकडपर्यंत म्हातोबाचं बगाड निघतं. लाकडी गाडा, त्यावर उंच आडवं लाकूड आणि त्याला बांधलेला गळकरी. गळकरी होण्याचा मान जांभुळकर घराण्यातल्या तरुणाला मिळतो. ज्यांनी हे कधी पाहिलेलं नाही त्यांना एवढंच सांगतो, की गाड्याची चाकं हलायच्या आधी जो क्षण असतो तो लक्षात राहण्यासारखा आहे. ढोल वाजत असतात, 'चांगभलं'चा गजर चाललेला असतो, आणि सगळ्यांच्या नजरा वर लागलेल्या असतात. गाडा हलतो आणि ढोलाची लय त्याच क्षणी बदलते. वाजवणाऱ्याला कुणी खूण करत नाही. त्याला ते कळतं, कारण तो स्वतः त्या गर्दीतलाच एक असतो. शहरी पथकाच्या आणि गावच्या ढोलात हा पहिला फरक आहे. गावात बघणारा वेगळा आणि वाजवणारा वेगळा असं फारसं नसतंच.

आता हे वाद्य जरा जवळून बघू. ढोलाला दोन तोंडं असतात. एका बाजूला टिपरू, म्हणजे लाकडी काठी, आणि दुसऱ्या बाजूला उघड्या हाताची थाप. टिपरू लय सांगतं. थाप छातीत उतरते. जुना ढोल लाकडी खोडाचा, त्यावर बकऱ्याचं कातडं आणि ते ताणून धरायला दोरी. वाजवायच्या आधी दोरी ओढून ढोल चढवायचा. भाद्रपदातल्या दमट हवेत कातडं सैल पडतं, ढोल भद भद करायला लागतो, म्हणून मधूनमधून पुन्हा दोरी ओढावी लागते. वाजवण्याच्या प्रकारांना आमच्याकडे 'हात' म्हणतात. अमुक गावाचा हात, तमुक गावाचा हात. माहीतगार माणूस दोन शेतं पलीकडून ऐकून सांगायचा, की आज कुठलं पथक आलं आहे.

आणि या ढोलासमोर असायची लेझीम. लेझीम हा तालमीतला व्यायामाचा प्रकार, शब्द फारसी. लाकडाच्या दांड्याला लोखंडी साखळी आणि साखळीत चकत्या. आता विचार करा, वीस-पंचवीस गडी लेझीम घेऊन वाकतायत, उठतायत, गिरकी घेतायत. त्यांच्या चकत्यांचा आवाज ढोलापुढे किती टिकणार? ढोल अखंड वाजत राहिला तर लेझीम ऐकूच येणार नाही. म्हणून गावच्या हातांमध्ये जागा सोडलेली असते. दोन थापा, मग मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत साखळ्यांची छनछन. खेळ रंगला की हेच ढोलवाले गोल फिरतात, उकिडवे बसून वाजवतात, एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरा करतात आणि वरचा गडी तिथूनही हात चुकू देत नाही. मनोरा चढत असताना ढोल हळू होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. वरचा माणूस उभा राहीपर्यंत बघणाऱ्यांचा श्वास अडकलेला असतो, आणि तो ताठ झाला की खालचे सगळे एकदम उचल घेतात. ढोल थांबण्यातला थरार मुळात लेझीम आणि मनोऱ्यासाठी सोडलेल्या या जागेतून आला, असं माझं मत आहे. शहरात आल्यावर लेझीम बरीचशी मागे पडली. जागा मात्र शिल्लक राहिली.

ताशाची वाट वेगळी. तोही शब्द फारसीतून आलेला. तांब्याचं किंवा पितळेचं उथळ भांडं, वर ताणलेलं कातडं, गळ्यात अडकवायचं आणि दोन बारीक काड्यांनी वाजवायचं. दख्खनमध्ये मोहरमच्या ताबुतांपुढे ताशे वाजत आले आहेत. लग्नाच्या वरातीत, देवाच्या पालखीपुढेही ताशा असे. कातड्याचा ताशा विस्तवावर शेकून चढवावा लागे. कागद पेटवून त्याच्या आचेवर ताशा धरणारी मंडळी चाळिशीच्या पुढच्या बऱ्याच वाचकांना आठवत असतील. ताशा, हलगी, सनई ही वाद्यं ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळली ते कलावंत बहुतेक मातंग आणि इतर कष्टकरी समाजांतले, तसेच मुसलमानही. त्यांच्या वाजवण्याला 'कला' म्हणायला आपल्या समाजाला फार वेळ लागला. 'संस्कृती' हा मोठा शब्द वापरताना हे विसरू नये.

सार्वजनिक गणेशोत्सवाचा इतिहास आपल्याला माहीत आहे. 1892 मध्ये भाऊसाहेब रंगारी यांचा गणपती, 1893 पासून लोकमान्य टिळकांनी त्याला दिलेलं बळ, आणि 1894 पासून वाढत गेलेल्या मिरवणुका. सुरुवातीच्या काळात मेळे होते, मग सनई-चौघडा, नंतर ब्रास बँड. पुण्यातल्या प्रभात बँडसारख्या बँडांनी काही पिढ्या मिरवणुका गाजवल्या. मुळशी-मावळातली ढोल-लेझीम पथकं मंडळांच्या बोलावण्यावरून पुण्यात येत. रात्रभर खेळत, सकाळी गावाला परत.

ढोल-ताशा शहरातल्या मुलांच्या हाती जाणीवपूर्वक देण्याचं श्रेय ज्ञान प्रबोधिनीचे संस्थापक आप्पा पेंडसे यांना दिलं जातं. प्रबोधिनी सुरू झाली 1962 मध्ये. मिरवणुकीत धांगडधिंगा वाढू लागला होता. त्यावर नुसतं भाषण करून उपयोग नाही, दुसरं काहीतरी करून दाखवलं पाहिजे, अशी ही विचाराची रीत. शाळेच्या मुलांचं पथक उभं राहिलं, ढोल, ताशा आणि हातात बरच्या. रांगा, गणवेश, खुणेवर सुरुवात आणि खुणेवर शेवट. मग रमणबाग, नूतन मराठी विद्यालय, विमलाबाई गरवारे प्रशाला अशा शाळांची पथकं नावारूपाला आली, आणि स्व-रूपवर्धिनीसारख्या संस्थेनं पूर्व भागातल्या वस्त्यांमधल्या मुलांना उभं केलं. मुलींच्या कमरेलाही ढोल आला. आज त्यात कुणाला काही वाटत नाही. सुरुवातीच्या काळात मात्र मुलींचं पथक आलं की गॅलऱ्यांमधल्या बायका आधी गप्प व्हायच्या, मग टाळ्या वाजवायला लागायच्या. त्या टाळ्या मी ऐकल्या आहेत. वाजवणाऱ्यांच्या आयांच्या वयाच्या बायका होत्या त्या, आणि काहींच्या डोळ्यांत पाणी होतं.

शाळेत असताना मीही चार वर्षं ताशा वाजवला. त्यामुळे लक्ष्मी रस्ता मला आतून माहीत आहे, म्हणजे दोन रांगांच्या मधून. मंडईजवळच्या टिळक पुतळ्यापासून मानाचे गणपती निघतात. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. बेलबाग चौकातून वळलं की लक्ष्मी रस्ता सुरू होतो आणि तो जाऊन संपतो अलका टॉकीजच्या चौकात. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना तीन-तीन, चार-चार मजली इमारती. ढोलाची थाप समोरच्या भिंतीवर आपटून परत येते. मोकळ्या मैदानात साठ ढोलांनी जे साधत नाही ते इथे वीस ढोलांनी साधतं, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

एका वर्षी आमचं पथक कुंटे चौकाच्या अलीकडे होतं. उचल घ्यायची वेळ आली होती. आमच्या प्रमुखानं अचानक हात वर केला, मूठ मिटली. आम्ही थांबलो. नेहमीची जागा नव्हती ती, म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागलो. तेवढ्यात मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. ढोल चालू असते तर तो ऐकूच आला नसता. त्यानं तो कसा हेरला, देव जाणे. रांगा दोन्ही कडांना सरकल्या, ढोलवाल्यांनी ढोल डोक्यावर उचलून धरले, आणि जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे गाडी जाण्याएवढी वाट झाली. कुणी काही बोललं नाही. गाडी पुढे गेली. प्रमुखानं हात खाली आणला आणि आम्ही वाजवायला सुरुवात केली. त्यानंतर जो आवाज गर्दीतून उठला तसा मी पुन्हा ऐकला नाही. रुग्णवाहिकेला वाट देणारी लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी ही आता दर वर्षी मोबाइलवर फिरणारी चित्रफीत झाली आहे. त्यात बघणारे गर्दी दुभंगताना बघतात. मी मात्र त्याच्या आधी थांबलेले हात शोधतो.

महाराष्ट्राबाहेर हा खेळ पहिल्यांदा घराघरांत पोचला तो 1982 मध्ये. 19 नोव्हेंबरला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर आशियाई क्रीडास्पर्धांचं उद्घाटन झालं आणि त्यात महाराष्ट्राची लेझीम होती. रंगीत दूरदर्शन नुकतंच आलं होतं. ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या घरी गल्ली जमली होती. एवढ्या मोठ्या मैदानावर शेकडो लेझमी एका तालात वाकल्या आणि एका तालात उठल्या, तेव्हा शेजारच्या गुजराती काकांनी आमच्याकडे वळून बघितलं, जणू आम्हीच ते केलं होतं. आम्हीही ते श्रेय घेऊन टाकलं.

हा थरार जगात इतरत्रही शोधून पाहण्यासारखा आहे. केरळात त्रिशूरला पूरमच्या दिवशी वडक्कुन्नाथन मंदिराच्या आवारात इलंजितरा मेळम होतो. इलंजी म्हणजे आपली बकुळ. त्या झाडाच्या नावानं ओळखला जाणारा हा मेळ सुमारे अडीचशे वादकांचा, चेंडे, कोंबू, झांजा सगळं मिळून, आणि दोन तासांहून अधिक चालणारा. पेरुवनम कुट्टन मारार यांनी दोन दशकांहून जास्त काळ त्याचं नेतृत्व केलं. अडीचशे जण असूनही सुरुवात इतकी संथ असते, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, यांना कंटाळा आला आहे काय? लयीचं आवर्तन टप्प्याटप्प्यानं आखूड होत जातं आणि गर्दीचे हात आपोआप वर जातात. शेवटचा आवाज ऐकायला लोक पहिला तास थांबतात. खरं तर पहिल्या तासामुळेच तो शेवटचा आवाज मोठा वाटतो.

दुसरं उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराचं. तिथल्या कार्निव्हलची सुरुवात पहाटे चार वाजता होते. चारचा ठोका पडला की शहरातले रस्त्यांवरचे दिवे बंद होतात. काळोख. आणि त्या काळोखात हजारो ढोलवाले आणि बासरीवाले एकदम चालू लागतात. त्याच बाझलमध्ये 1991 मध्ये 'टॉप सिक्रेट ड्रम कोअर' नावाचं पथक तयार झालं. 2003 मध्ये त्यांना एडिंबराच्या किल्ल्यासमोर होणाऱ्या लष्करी संचलन सोहळ्यात बोलावलं गेलं आणि सैनिकी बँडांच्या त्या मेळाव्यात हे नागरी पथक भाव खाऊन गेलं. माणसं किती? पंचवीसच्या आसपास. ते काठ्या हवेत फेकतात, एकमेकांशी ढोलावर भांडतात, आणि मधूनच इतकं हळू वाजवतात की हजारो प्रेक्षक पुढे झुकून ऐकतात. पंचवीस माणसं! आपल्याकडे हल्ली एखाद्या पथकात ताशेच तेवढे असतात.

इथे आपण अवघड जागी येतो. शाळांची पथकं होती तोवर संख्या बेताची होती. नव्वदीनंतर माजी विद्यार्थ्यांची, मग स्वतंत्र पथकं निघाली. आज पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून त्यांची संख्या शंभराच्या पुढे आहे. वाद्यही बदललं. लाकडी खोड गेलं आणि लोखंडी पत्र्याचं, मग फायबरचं आलं. कातड्याच्या जागी प्लास्टिकचं पान आलं. याला दोष देऊन चालणार नाही, कारण भाद्रपदातल्या पावसात ते सैल पडत नाही, आणि एका ढोलासाठी कातडं मिळवण्यापेक्षा स्वस्त पडतं. पण त्याचा आवाज टोकदार असतो. कातड्याचा ढोल वाजवून दमलेला माणूस आपणहून हळू व्हायचा. हा ढोल कधीच सैल पडत नाही, म्हणून वाजवणारा कधी थांबत नाही. एका पथकात शंभर, दीडशे ढोल झाले आणि त्या अरुंद रस्त्यात दर दहा पावलांवर उचल घ्यायची रीत पडली. सतत उचलच असेल तर उचल कसली? खूण दिसायला शेवटच्या रांगेला पुढचा माणूस दिसावा लागतो. दीडशे ढोलांत तो दिसत नाही, मग शिट्ट्या वाजवाव्या लागतात.

2020 मध्ये हे सगळंच बंद झालं. करोनामुळे मिरवणूक निघाली नाही. 2021 मध्येही नाही. 1 सप्टेंबर 2020 च्या अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता रिकामा होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी दर वर्षी विसर्जनाच्या दिवशी या रस्त्यावरचा आवाज मोजतात. त्या वर्षी तो 60 डेसिबलच्या आसपास होता. 9 सप्टेंबर 2022 ला मिरवणूक परत आली. मी बेलबाग चौकात होतो. पहिलं पथक यायच्या आधी गर्दीत एक विचित्र शांतता होती. दोन वर्षांत कोण कोण गेलं याचा हिशेब प्रत्येकाच्या मनात चालू असावा. माझ्या शेजारी एक आजोबा काठी टेकून उभे होते. पहिली थाप पडली आणि त्यांनी डोळे मिटले. ती थाप काही फार मोठी नव्हती. पण मी ऐकलेल्या सगळ्या थापांमध्ये ती वरच्या रांगेत आहे, कारण तिच्या आधी दोन वर्षांची जागा सोडलेली होती.

त्याच मिरवणुकीत आवाजाची नोंद शंभर डेसिबलच्या वर गेली. नियमानं निवासी भागात दिवसा 55 आणि व्यापारी भागात 65 डेसिबल ही मर्यादा आहे. या आकड्यात स्पीकरच्या भिंतींचा वाटा मोठा आहे, हे ढोलवाले सांगतात, आणि ते खरं आहे. पण ढोलांचा वाटा शून्य आहे असंही नाही. मिरवणुकीच्या मार्गावर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्या रात्री गाव सोडून जावं लागतं. त्यांच्याशी बोललो की संस्कृतीची भाषा जरा बेतानं वापरावीशी वाटते.

2024 या एका वर्षात या वाद्यानं बरंच पाहिलं. 26 जानेवारीला दिल्लीच्या कर्तव्य पथावर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची सुरुवात लष्करी बँडऐवजी पहिल्यांदाच शंभर स्त्री कलावंतांच्या वादनानं झाली. शंख होते, नागस्वरम होतं, तेलंगणचा डप्पू होता, आणि महाराष्ट्राचे ढोल-ताशेही होते. त्याच वर्षी पुण्यात तृतीयपंथीयांचं 'शिखंडी' हे पथक रस्त्यावर उतरलं. ज्यांना आपण सिग्नलवर बघून काच वर करतो, त्यांना लोकांनी या वेळी टाळ्या दिल्या. 30 ऑगस्टला राष्ट्रीय हरित लवादानं आदेश दिला, की एका पथकात ढोल, ताशा, झांज मिळून 30 पेक्षा जास्त जण नकोत. पथकं हवालदिल झाली, कारण दोन महिन्यांचा सराव झालेला होता. 12 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं त्या संख्येच्या बंधनाला स्थगिती दिली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी तेव्हा ढोल-ताशा हे पुण्याचं हृदय असल्याचं म्हटलं आणि त्यांना वाजवू द्या असं सांगितलं. पेठांमध्ये पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले.

मलाही आनंद झाला. तरीही माझं मन त्या तीसच्या आकड्यापाशी रेंगाळत राहिलं. तो कायद्यानं लादावा असं मी म्हणणार नाही. पण एखाद्या पथकानं आपणहून एका वर्षी तीसच माणसं घेऊन लक्ष्मी रस्ता गाठला तर काय होईल? तो रस्ता, त्या भिंती, समोरासमोर दोन रांगा आणि शेवटच्या माणसालाही दिसणारी ती मूठ.

आता पुन्हा हिंजवडी. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी सहानंतर इथल्या कंपन्यांतली मुलं-मुली दुचाकीवरून सरावाला जाताना दिसतात. कुणी मुठेच्या काठाला, कुणी वाकडच्या एखाद्या मोकळ्या जागेत. पाठीवर लॅपटॉपची पिशवी आणि पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात टिपरू. त्यांतले कितीतरी जण नागपूर, लातूरचे, काही तर इंदूरचे आणि हुबळीचे. नव्या शहरात ओळखी होण्याची ही त्यांची जागा आहे. तळहाताला फोड येतात, दुसऱ्या दिवशी की-बोर्ड बडवताना दुखतं, तरी जातात. मला त्यांचं कौतुक आहे. गंमत अशी, की ज्या मुळशीतून हा ढोल पुण्याला गेला, त्याच मुळशीत नोकरी करून ही मुलं तो शिकायला पुण्याला जातात. त्यांच्या कार्यालयापासून चार-सहा किलोमीटरवर माणमध्ये, मारुंजीत, पुढे पौडच्या बाजूला तो वाजवणारी माणसं आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

ती माणसं आता साठीच्या, सत्तरीच्या पुढे गेली आहेत. गावचे हात कुठे लिहिलेले नाहीत. शहरी पथकांनी आपापसांत एक ठरावीक क्रम करून घेतला आहे, पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात, आणि गावातली पोरंही आता मोबाइलवर बघून तेच वाजवतात. जमिनीला भाव आला, भाताची खाचरं गेली, तालमीच्या जागी गाळे झाले. गेल्या वर्षी मी एका जुन्या ढोलकऱ्याकडे गेलो होतो. वय झालं आहे, ढोल उचलवत नाही. मी म्हटलं, 'आबा, तुमच्या गावचा हात दाखवा की.' त्यांनी बाजूला पडलेला पत्र्याचा डबा ओढला आणि दोन बोटांनी वाजवायला लागले. पाच-सहा आवर्तनं झाली आणि मधेच थांबले. मला वाटलं, विसरले. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हातानंच मला गप्प केलं.

'थांब रं,' ते म्हणाले, 'इथं लेझीम हाय.'

त्यांनी मान दोनदा खाली-वर केली, जणू समोर वीस गडी वाकून उठतायत, आणि मग बोटं पुन्हा डब्यावर आली. मी तेवढं मोबाइलवर घेऊन ठेवलं आहे. एक मिनिट चाळीस सेकंद. मुळशी-मावळातली अशी माणसं तुमच्या ओळखीत असतील तर पावसाळा लागायच्या आत त्यांच्याकडे जा. डबा त्यांच्याकडे असतो.